डीबगमध्ये चालते, रिलीजमध्ये बिघडते: लटकत्या पॉइंटरचा माग कंपायलरकडून कसा काढायचा

लक्षण ओळखीचे आहे. सी++ प्रोग्राम -ओ० ने (ऑप्टिमायझेशन बंद ठेवून) बांधला की नीट चालतो. -ओ२ ने (ऑप्टिमायझेशन चालू करून) बांधला की एखाद्या स्ट्रिंगमध्ये कचरा दिसतो, मॅपमधली नोंद सापडत नाही, नाहीतर भलत्याच फंक्शनमध्ये सेगमेंटेशन फॉल्ट येतो. तपासायला मध्ये एक प्रिंट टाकला की बिघाड गायब. कोणीतरी दोन ओळींची अदलाबदल करतो, तिकीट बंद होते, आणि पुढच्या कंपायलर अपग्रेडनंतर तोच बिघाड दुसऱ्या फाइलीत उगवतो. हे चक्र चालू असेल तर कंपायलरला दोष देण्याआधी एक शक्यता निकालात काढा: ऑब्जेक्टचे आयुष्य संपले आहे, पण त्याचा पत्ता धरून बसलेला पॉइंटर, रेफरन्स किंवा व्ह्यू (दुसऱ्याच्या मालकीच्या मेमरीकडे फक्त बघणारा ऑब्जेक्ट) अजून वापरात आहे. हाच लटकता पॉइंटर.

खाली पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कमांड लाइनवर ती मूळ रोमन स्पेलिंगने द्यायची.

नेमके काय संपले, हे आधी ठरवा

शोध लांबतो तो बहुधा इथे. ‘आयुष्य संपले’ म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, जागा: स्टॅकवरची किंवा हीपवरची मेमरी परत गेली. दुसरी, ऑब्जेक्ट: डिस्ट्रक्टर चालून गेला, पण जागा अजून आपल्याच ताब्यात आहे; ऑप्शनल रीसेट केला किंवा मेमरी पूलमधला खण परत केला की असे होते. तिसरी, पत्त्याची वैधता: कंटेनर जिवंत आहे, पण व्हेक्टर वाढल्यामुळे त्याचे घटक दुसरीकडे हलले आणि जुना इटरेटर निकामी झाला.

प्रत्येक साधन यांपैकी एकाच गोष्टीवर नीट लक्ष ठेवते. ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीचा चुकीचा वापर प्रोग्राम चालताना पकडणारे कंपायलरचे साधन; त्याला फक्त जागा कळते. दुसऱ्या प्रकारचा बिघाड त्याच्यापुढे आठवडाभर चालवला तरी तो गप्प राहील, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘कोड स्वच्छ आहे’ असा लावला जाईल.

रिलीजमध्येच का बिघडते

-ओ० ला क्लँग हा कंपायलर साधारणपणे प्रत्येक स्थानिक व्हेरिएबलला फ्रेममध्ये (फंक्शनच्या स्टॅकवरच्या जागेत) स्वतंत्र खण देतो. व्हेरिएबलचा महिरपी कंस (स्कोप) बंद झाला तरी त्या खणाला कोणी हात लावत नाही, म्हणून मेलेल्या ऑब्जेक्टमधले बाइट जसेच्या तसे वाचता येतात. ऑप्टिमायझेशन चालू झाले की क्लँग मधल्या रूपात (मूळ कोड आणि मशीन कोड यांच्यामधल्या) ‘लाइफटाइम.स्टार्ट’ आणि ‘लाइफटाइम.एंड’ अशा खुणा टाकतो. ज्या दोन व्हेरिएबलांची आयुष्ये एकमेकांवर पडत नाहीत, त्यांना ‘स्टॅक कलरिंग’ हा टप्पा एकच खण देतो. जीसीसी हा दुसरा कंपायलर हेच काम ‘क्लॉबर’ (इथली किंमत आता निरर्थक) विधानांच्या आधाराने करतो. आता लटकता पॉइंटर दुसऱ्याच जिवंत व्हेरिएबलचे बाइट वाचतो. मध्ये प्रिंट टाकल्यावर बिघाड लपतो तो यामुळेच: फ्रेमची मांडणी बदलते.

पहिली चाचणी: दहा मिनिटांत दिशा

संपूर्ण शोधाला लागण्याआधी फक्त एक पर्याय बदलून पुन्हा बांधा. जीसीसीवर -एफस्टॅक-रियूज=नन द्या. क्लँगवर -एमएलएलव्हीएम आणि त्यानंतर -नो-स्टॅक-कलरिंग. बाकी सगळे -ओ२ वरच ठेवा. बिघाड गेला, तर पहिल्या प्रकारावर, त्यातही स्टॅकवर, लक्ष केंद्रित करा. खणांची मांडणी बदलल्याने दुसरे बिघाडही लपू शकतात, त्यामुळे हा पुरावा नाही, दिशा आहे.

बिघाड तसाच राहिला आणि कंपायलर जीसीसी असेल, तर -एफनो-लाइफटाइम-डीएसई देऊन बघा. जीसीसीची मूळ भूमिका अशी: कन्स्ट्रक्टर सुरू होण्याआधी त्या जागेत लिहिलेले आणि डिस्ट्रक्टर संपल्यावर त्या जागेत उरलेले, दोन्ही निरर्थक. त्यामुळे असे लिखाण तो सरळ काढून टाकतो. ठरलेला बळी म्हणजे स्वतःचा ‘ऑपरेटर न्यू’ लिहून त्यात मेमसेटने सगळे शून्य करणारा आणि मग कन्स्ट्रक्टरमध्ये सदस्यांना किंमत न देणारा जुना क्लास. शून्य भरणे पुसले जाते आणि सदस्यांत काहीही राहते. -एफलाइफटाइम-डीएसई=१ दिल्यावर कन्स्ट्रक्टरआधीचे लिखाण टिकते, डिस्ट्रक्टरनंतरचे नाही; म्हणजे शून्य (-एफनो-लाइफटाइम-डीएसई) आणि एक या दोन किमतींच्या फरकावरून चूक कोणत्या टोकाला आहे तेही कळते. दुरुस्ती सोपी आहे: सदस्यांना घोषणेतच आरंभीची किंमत द्या.

हे पर्याय निदानासाठी आहेत. ते बिल्ड फाइलीत कायमचे टाकून मोकळे होणारे प्रकल्प पुष्कळ आहेत. त्यांचा बिघाड फक्त पुढच्या आवृत्तीपर्यंत पुढे ढकललेला असतो.

ॲड्रेस सॅनिटायझर नीट चालवणे

बांधताना -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस, -जी, -एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर आणि -ओ१. हेच पर्याय लिंक करतानाही द्या. कंस संपल्यावरचा वापर पकडणारी सोय जीसीसी ७ पासून या पर्यायाबरोबरच चालू होते. फंक्शन परतल्यानंतरचा वापर पकडण्याची सोय मात्र आवृत्तीनुसार कधी चालू, कधी बंद असते, म्हणून गृहीत धरू नका. ‘एसॅन_ऑप्शन्स’ या पर्यावरण व्हेरिएबलमध्ये डिटेक्ट_स्टॅक_यूज_आफ्टर_रिटर्न=१ स्वतः लिहा.

अहवालात शॅडो बाइटांचा तक्ता येतो; दर ८ बाइट मेमरीमागे १ शॅडो बाइट असतो, आणि ती मेमरी वापरता येते की ‘विषारी’ म्हणजे निषिद्ध आहे हे तो नोंदवतो. चौकटीतला बाइट आधी बघा. एफडी म्हणजे मोकळी केलेली हीप, एफ८ म्हणजे कंस संपलेले स्थानिक व्हेरिएबल, एफ५ म्हणजे परतलेल्या फंक्शनची फ्रेम, एफसी म्हणजे कंटेनरच्या चालू आकाराबाहेरचा भाग. एकाच चुकीला -ओ० वर एफ५ आणि -ओ२ वर एफ८ मिळाला तर गोंधळू नका. फंक्शन इनलाइन झाले (त्याचा कोड बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच मिसळला) की त्याची व्हेरिएबल्स बोलावणाऱ्याच्या फ्रेममध्ये येतात, आणि ‘फंक्शन परतले’ याचे ‘कंस संपला’ होते. चूक तीच.

तरीही सॅनिटायझर गप्प असेल तर पुढची कारणे तपासा. जास्त तास जातात ते इथेच.

लूपमधले व्हेरिएबल. लूपच्या पोटातल्या स्थानिक ऑब्जेक्टचा पत्ता बाहेर ठेवला आणि पुढच्या फेरीत वापरला, तर त्या क्षणी त्याच पत्त्यावर नव्या फेरीचा नवा ऑब्जेक्ट जिवंत असतो. फेरीच्या सुरुवातीला लाइफटाइम.स्टार्टने शॅडो पुन्हा स्वच्छ केलेला असतो. सॅनिटायझरच्या दृष्टीने काहीच चुकलेले नाही. किंमत मात्र चुकीची येते. हा प्रकार पकडायला शेवटच्या फेरीनंतर, लूपच्या बाहेर तो पॉइंटर मुद्दाम एकदा वाचा. तिथे एफ८ लगेच मिळेल.

स्विच आणि गोटू. ज्या व्हेरिएबलची घोषणा ओलांडून उडी मारता येते, त्याला क्लँग लाइफटाइमच्या खुणा टाकतच नाही, कारण सुरुवातीची खूण प्रत्येक वाटेवर लागेल याची खात्री नसते. खूण नाही म्हणजे विषारी शॅडो नाही, म्हणजे अहवालही नाही. केसच्या पोटाला स्वतःचे महिरपी कंस द्या. उडी घोषणेवरून जायची थांबली की खुणा परत येतात.

मोठी फ्रेम. परतल्यानंतरचा वापर पकडण्यासाठी स्थानिक व्हेरिएबल्स खऱ्या स्टॅकऐवजी एका नकली स्टॅकवर ठेवली जातात, आणि त्यातला सगळ्यात मोठा खण ६४ केबीचा असतो. फंक्शनमध्ये त्याहून मोठा बफर असेल तर पूर्ण फ्रेम खऱ्या स्टॅकवर जाते आणि ही तपासणी त्या फंक्शनपुरती बंद पडते. चाचणीपुरता बफर हीपवर हलवा.

क्वारंटाइन उलटून जाणे. मोकळी केलेली हीप लगेच परत वापरात येऊ नये म्हणून रोखून धरली जाते. ६४ बिट यंत्रावर ही मर्यादा साधारणपणे २५६ एमबी असते. मोठ्या तुकड्यांची सतत देवाणघेवाण करणारा सर्व्हर ती बघता बघता ओलांडतो. क्वारंटाइन_साइझ_एमबी=१०२४ करून पुन्हा चालवा; मेमरी तितकी जास्त लागेल हे धरून चाला.

स्वतःचा पूल. पूल एकदाच मोठा तुकडा घेतो आणि आतल्या आत वाटतो. सॅनिटायझरला तो सगळा तुकडा कायम जिवंत दिसतो. खण परत घेताना ‘एसॅन_पॉइझन_मेमरी_रीजन’ आणि देताना ‘एसॅन_अनपॉइझन_मेमरी_रीजन’ हे मॅक्रो पूलच्या कोडमध्ये लावा. पूल वापरणाऱ्या प्रकल्पात ही दोन ओळींची भर इतर कुठल्याही उपायापेक्षा जास्त चुका उघड करते.

ऑप्टिमायझरने पुरावाच उडवणे. सॅनिटायझरचे कोड-रोपण बऱ्याच उशिरा होते. त्याआधीच चुकीचे वाचन अनावश्यक ठरून निघून गेले असेल तर तपासायला काही उरत नाही. म्हणून एकच चाचणीसंच -ओ० आणि -ओ२ अशा दोन्ही बांधणींत चालवावा.

ऑब्जेक्ट मेला, जागा जिवंत

इथे किंमत न दिलेल्या मेमरीचा वापर पकडणारा मेमरी सॅनिटायझर उपयोगी पडतो. -एफसॅनिटाइझ=मेमरी सोबत -एफसॅनिटाइझ-मेमरी-यूज-आफ्टर-डीटॉर द्या आणि चालवताना ‘एमसॅन_ऑप्शन्स’मध्ये पॉइझन_इन_डीटॉर=१. डिस्ट्रक्टर संपला की सदस्यांचे बाइट ‘अनारंभित’ म्हणून नोंदले जातात, आणि त्यांच्यावर निर्णय अवलंबून राहिला की अहवाल येतो. अट कडक आहे: प्रोग्राममध्ये शिरणारा सगळा कोड, प्रमाणित लायब्ररीसह, याच पर्यायाने बांधलेला हवा. नाहीतर खोट्या अहवालांचा पूर येतो आणि लोक दुसऱ्या दिवशी साधन बंद करतात. ते जमणार नसेल तर मधला मार्ग म्हणून संशयित क्लासच्या डिस्ट्रक्टरमध्ये हाताने विष भरा, पण साध्या लिखाणाने नव्हे. डिस्ट्रक्टरमधले शेवटचे लिखाण ऑप्टिमायझर वर सांगितलेल्याच कारणाने पुसू शकतो. लिखाण व्होलाटाइल पॉइंटरमार्फत करा.

पत्ता हलला: व्हेक्टर, स्ट्रिंग आणि लांबीचा सापळा

व्हेक्टरमध्ये जागा शिल्लक असेल तर पुश_बॅकने काहीच हलत नाही. म्हणून छोट्या डेटावरच्या चाचण्या पास होतात. चाचणीत पुश_बॅकच्या आधी श्रिंक_टू_फिट बोलावले की, प्रमाणित लायब्ररीने विनंती मानली असता, पुढची भर नवी जागा मागतेच आणि जुना पत्ता लगेच पकडला जातो. इटरेटरांसाठी जीसीसीच्या लायब्ररीची डीबग पद्धत, म्हणजे ‘_जीएलआयबीसीएक्सएक्स_डीबग’ हा मॅक्रो, निकामी इटरेटर नावानिशी दाखवते. मात्र त्याने कंटेनरांचा आकारच बदलतो, त्यामुळे अर्धा प्रकल्प मॅक्रोसह आणि अर्धा मॅक्रोविना बांधला तर नवीन क्रॅश तयार होतात.

स्ट्रिंगची तऱ्हा आणखी वेगळी. छोटी स्ट्रिंग ऑब्जेक्टच्या पोटातच साठवली जाते: ६४ बिट यंत्रावर जीसीसीच्या लायब्ररीत १५ अक्षरांपर्यंत, एलएलव्हीएमच्या लिबसी++ मध्ये २२ पर्यंत (अक्षर म्हणजे इथे सी++ चा ‘चार’ हा डेटा प्रकार, म्हणजे १ बाइट; देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खाते, त्यामुळे मराठी मजकुराला ही मर्यादा पाच-सात चिन्हांतच संपते). आता स्ट्रिंगांचा व्हेक्टर वाढला की लांब स्ट्रिंगचा हीपवरचा बफर जागचा हलत नाही, फक्त मालकी सरकते, आणि तिच्यावरचा स्ट्रिंग_व्ह्यू चालत राहतो. छोट्या स्ट्रिंगचे बाइट मात्र ऑब्जेक्टबरोबर हलतात आणि व्ह्यू लटकतो. परिणाम असा की लांब नावे बरोबर, आखूड नावे बिघडलेली. तात्पुरत्या स्ट्रिंगवर व्ह्यू ठेवला असेल तर दोन्ही बिघडतात, पण एकीचा अहवाल स्टॅकचा आणि दुसरीचा हीपचा येतो. चाचणीत दोन्ही लांबीच्या किमती हव्यात.

कंपायलरच्या इशाऱ्यांना काय दिसते आणि काय नाही

क्लँगचे -डब्ल्यूडँगलिंग कुटुंबातले इशारे आपोआप चालू असतात, तरी त्यांची नजर मुख्यतः एका विधानापुरती असते. स्ट्रिंग परत करणाऱ्या फंक्शनचा निकाल थेट स्ट्रिंग_व्ह्यूमध्ये ठेवला तर इशारा येतो, कारण प्रमाणित लायब्ररीतले मालक आणि व्ह्यू कोणते ते क्लँगला ठाऊक असते. पण मध्ये तुमचे एक फंक्शन आले की साखळी तुटते. समजा ‘निवडा’ हे फंक्शन दोन स्ट्रिंग रेफरन्स घेऊन त्यांतल्या एकीवरचा व्ह्यू परत करते. त्याला तात्पुरती स्ट्रिंग दिली तर क्लँगला घोषणेवरून कळत नाही की निकाल पॅरामीटरला बांधलेला आहे. म्हणून इशारा नाही.

उपाय म्हणजे घोषणेतच तसे सांगणे: पॅरामीटरनंतर [[क्लँग::लाइफटाइमबाउंड]]. सदस्य फंक्शन स्वतःच्या ऑब्जेक्टच्या आतला रेफरन्स देत असेल तर हीच खूण फंक्शनच्या पॅरामीटर यादीनंतर लावायची. व्ह्यूसारखा क्लास असेल तर त्याच्या कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरलाही. पॅरामीटर साठवून ठेवणारे फंक्शन, उदाहरणार्थ कॅशमध्ये व्ह्यू टाकणारे, या खुणेत बसत नाही, कारण बंधन निकालाशी नसून दुसऱ्या ऑब्जेक्टशी आहे. त्यासाठी क्लँगच्या नव्या आवृत्त्यांत ‘लाइफटाइम_कॅप्चर_बाय’ ही वेगळी खूण आहे. सगळ्या कोडला एकदम खुणा लावायला बसू नका. रेफरन्स किंवा व्ह्यू परत करणारी, अनेक फाइलींतून बोलावली जाणारी हेडरमधली फंक्शने आधी घ्या. आणि जिथे निकाल प्रत्यक्षात नवी प्रत आहे तिथे खूण लावू नका. खोटे इशारे सुरू झाले की खरेही वाचले जात नाहीत.

जीसीसीत तीन इशारे कामाचे: -डब्ल्यूडँगलिंग-पॉइंटर आणि -डब्ल्यूयूज-आफ्टर-फ्री जीसीसी १२ पासून, -डब्ल्यूडँगलिंग-रेफरन्स जीसीसी १३ पासून. पहिले दोन डेटा-प्रवाह बघतात, म्हणून त्यांना -ओ२ वर बरेच जास्त दिसते. फक्त डीबग बांधणीचे इशारे वाचणाऱ्याला ते भेटतच नाहीत. तिसरा मात्र फंक्शनच्या सहीवरून अंदाज बांधतो: तात्पुरता ऑब्जेक्ट रेफरन्सने घेतला आणि रेफरन्स परत दिला, तर संशय. किल्ली घेऊन ग्लोबल तक्त्यातला रेफरन्स देणारे निर्दोष फंक्शनही त्यात सापडते. खोट्या इशाऱ्यांमुळे जीसीसी १४ मध्ये तो -डब्ल्यूऑल मधून काढून -डब्ल्यूएक्स्ट्रा मध्ये नेला, आणि अशा फंक्शनांसाठी ‘नो_डँगलिंग’ ही खूण आली. इशारा पूर्ण बंद करण्यापेक्षा त्या मोजक्या फंक्शनांना ती खूण लावा.

रेंज-फॉरचा जुना सापळा वेगळा सांगायला हवा. ‘वाचा().नोंदी()’ अशी साखळी फॉरच्या कोलननंतर लिहिली आणि नोंदी() रेफरन्स परत करत असेल, तर सी++२० पर्यंत वाचा() चा तात्पुरता ऑब्जेक्ट पहिल्या फेरीआधीच मरतो. सी++२३ ने नियम बदलून त्याचे आयुष्य लूप संपेपर्यंत वाढवले. क्लँग १९ आणि जीसीसी १५ मध्ये ते आले आहे. म्हणजे तोच कोड नव्या मानकात बरोबर आणि जुन्यात चूक. लायब्ररी दोन्ही मानकांत बांधली जात असेल तर सी++२० ची आरंभ-विधानाची सोय वापरून मूळ ऑब्जेक्टला फॉरमध्येच नाव द्या.

कोरूटीनमध्ये (मध्येच थांबून नंतर पुढे चालू होणाऱ्या फंक्शनमध्ये) रेफरन्स पॅरामीटर घेतला की पहिल्या थांब्यानंतर बोलावणाऱ्याचे तात्पुरते ऑब्जेक्ट गेलेले असू शकतात. तिथे पॅरामीटर किमतीनेच घ्या. लॅम्डा कोरूटीनचे कॅप्चर लॅम्डा ऑब्जेक्टमध्ये राहतात, कोरूटीनच्या फ्रेममध्ये नाही. लॅम्डा आधी मेला की किमतीने केलेले कॅप्चरही लटकतात.

खुणा स्वतःच्या डोळ्यांनी बघणे

इशारा का आला किंवा का आला नाही हे कळेनासे झाले की मधले रूप छापून घ्या. क्लँगला -एस, -एमिट-एलएलव्हीएम, -ओ१ आणि -एक्सक्लँग -डिसेबल-एलएलव्हीएम-पासेस द्या. -ओ१ मुळे खुणा टाकल्या जातात, आणि पासेस (मधल्या रूपावर चालणारे कंपायलरचे टप्पे) बंद असल्याने फ्रंटएंडने टाकलेल्या त्या जशाच्या तशा दिसतात. संशयित व्हेरिएबलची अलोका ओळ (स्टॅकवर त्याची जागा राखणारी) शोधा, तिच्या नावाने स्टार्ट आणि एंड कुठे आहेत ते बघा, आणि शेवटचे वाचन एंडच्या खाली पडते का ते तपासा. अपवाद फेकल्यावरची वाट विसरू नका. तिथे वेगळा एंड असतो. जीसीसीवर -एफडंप-ट्री-गिंपल दिल्यावर क्लॉबर ओळी दिसतात. अलीकडच्या आवृत्त्यांत त्यांना ‘ईओबी’ आणि ‘ईओएस’ असे प्रत्यय लागतात: पहिला ऑब्जेक्टच्या शेवटासाठी, दुसरा जागेच्या शेवटासाठी. सुरुवातीला केलेली विभागणी इथे कंपायलरच स्वतः करून दाखवतो.

याच खुणांवर स्वतःचा तपासणी पास लिहिणार असाल तर लाइफटाइमच्या खुणांना जागेपलीकडचा अर्थ देऊ नका. डिस्ट्रक्टर हे मधल्या रूपात साधे फंक्शन कॉल असतात आणि ते वेगळे ओळखावे लागतात. दोन वाटा जिथे मिळतात तिथे ‘कोणत्या ऑब्जेक्टकडे पॉइंटर असू शकतो’ या संचांचा संयोग घ्या, आणि एका वाटेवरही तो ऑब्जेक्ट मेला असेल तर ‘कदाचित मृत’ धरा. लूपमध्ये दर स्टार्टला नवा ऑब्जेक्ट जन्मला असे माना. पत्ता तोच आहे म्हणून ऑब्जेक्ट तोच धरला, तर तुमचा पासही सॅनिटायझरसारखाच लूपवाल्या चुकीला आंधळा होईल. इनलाइनिंगनंतर पास चालवला तर फंक्शनांच्या सीमा मिटलेल्या असतात आणि विश्लेषण अचूक होते, पण अहवालातल्या ओळी मूळ फाइलीशी जुळवायला -जी ची माहिती लागते. पास इनलाइनिंगआधी ठेवला तर प्रत्येक फंक्शनचा सारांश लागतो: कोणता पॅरामीटर निकालात झिरपतो, कोणता साठवला जातो. लाइफटाइमबाउंडच्या खुणा आधीच लावलेल्या असतील तर हे सारांश तिथूनच वाचता येतात.